प्रवेश हातात, पदवी अधांतरी: तृतीय वर्षातल्या एका घसरणीचं प्रकरण

हे प्रकरण अर्थशास्त्र विशेष विषय घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचं आहे. कॉलेज पुण्यातलं, डेक्कन परिसरातलं, स्वायत्त. घर चिंचवडला. वडील भोसरीच्या एमआयडीसीत सुपरवायझर, आई घरी शिवणकाम करते, धाकटी बहीण दहावीला. डिसेंबरात त्याला एका खासगी विधी विद्यापीठात तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी तात्पुरता प्रवेश मिळाला. फेब्रुवारीत पाचव्या सत्राचा निकाल लागला, तेव्हा चारही सत्रांत सत्तरच्या आसपास असणारा हा मुलगा ५३ टक्क्यांवर आला होता आणि अर्थमितीत, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या विषयात, नापास झाला होता. मी याच विभागात शिकवते. तृतीय वर्षाची काही मुलं मेंटॉर म्हणून माझ्याकडे असतात, त्यांतला हा एक. त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पुढचा प्रवेश पक्का झाल्यावर शेवटच्या वर्षात घसरणारी मुलं दरवर्षी दिसतात. घरी आणि स्टाफरूममध्ये त्यांचं निदान बहुधा एकच होतं: प्रवेश मिळाला, आता याला कशाची पडली आहे! या मुलाच्या बाबतीत ते निदान निम्मं चुकीचं होतं. घरच्यांना ज्या आकड्याची धास्ती होती, त्याला तर काहीच धोका नव्हता. खरा धोका दुसरीकडे होता आणि तिकडे कोणी बघतच नव्हतं. म्हणून हे सविस्तर मांडावंसं वाटतं.

घसरण नेमकी कधीची

आमच्याकडे प्रत्येक सत्र ६०० गुणांचं असतं. सहा पेपर, प्रत्येकी ४० गुण अंतर्गत आणि ६० लेखी. या मुलाला पहिल्या सत्रात ४२६ गुण होते, दुसऱ्यात ४१४, तिसऱ्यात ४३८, चौथ्यात ४२०. पाचव्यात एकदम ३१८.

नुसती बेरीज पाहिली की ओरडावंसं वाटतं. मी पाचव्या सत्राचे गुण सुटे करून पाहिले. अंतर्गत गुण आधीच्या सत्रांसारखेच होते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या चाचण्या, सबमिशन, सादरीकरण, सगळं वेळेवर झालं होतं. पडझड लेखी परीक्षेत होती. ती परीक्षा नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाली आणि विधी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्याच महिन्याच्या अखेरीस. ऑक्टोबरपासून त्याने सगळा वेळ तर्क, वाचन-आकलन आणि चालू घडामोडींना दिला. बाकीचे पेपर आधीच्या वाचनावर निभावले. अर्थमितीवर रोज हात ठेवावा लागतो. तो विषय महिनाभर हातातून सुटला आणि त्यात त्याला शंभरपैकी २९ गुण पडले.

म्हणजे ही पहिली घसरण प्रवेशपत्र येण्याच्या आधीची होती. निकाल मात्र फेब्रुवारीत, पत्र आल्यानंतर लागला. त्यामुळे आधी पत्र आणि मग घसरण, असा क्रम सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला. पालकांशी बोलताना मी हा क्रम आधी सरळ केला. जो मुलगा दोन परीक्षांच्या कात्रीत सापडला होता, त्याला माजलेला म्हणणं अन्यायाचं आहे. आणि एकदा तसं म्हटलं की तो पुढचं काही सांगत नाही.

दुसरी घसरण मात्र खरोखर पत्रानंतरची होती. सहाव्या सत्रात फेब्रुवारीअखेरपर्यंत १२० तास झाले होते, त्यांतले त्याने ५० केले होते. दोन विषयांच्या पहिल्या अंतर्गत चाचणीला तो आलाच नव्हता. प्रोजेक्टचा विषयही दिलेला नव्हता. कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये त्याचं नाव वरच्या पाचांत होतं.

दिवसभर मुलगा होता कुठे

चिंचवडहून कॉलेजला यायचं तर पिंपरीहून मेट्रो पकडून जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरायचं. तिथे मार्ग बदलून वर वनाझकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं आणि डेक्कनला उतरायचं. हा मुलगा जानेवारीपासून निम्म्या वाटेतच, जिल्हा न्यायालयालाच बाहेर पडत होता. शिवाजीनगरच्या कोर्टात एका वकीलसाहेबांकडे तो जात होता. त्यांच्याकडे प्रामुख्याने मोटार अपघात भरपाईचे दावे. बोर्डावर आपलं प्रकरण कितव्या नंबरला आहे ते बघून ठेवायचं, नक्कल विभागात अर्ज द्यायचा, अशिलांना तारीख कळवायची, कागद लावून ठेवायचे, ही त्याची कामं. पैसे मिळत नव्हते. प्रवासखर्च कधीतरी मिळायचा.

हे कळल्यावर मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. घरच्यांचा समज होता की तो मित्रांबरोबर एफसी रोडवर वेळ घालवतो. प्रत्यक्षात तो आयुष्यात पहिल्यांदा आवडीचं काम करत होता. वकीलसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "मुलगा चांगला आहे मॅडम, पण त्याचं कॉलेज चालू आहे हे तो मला बोलला नाही. मला वाटलं परीक्षा झाली." त्यांनी त्याच दिवशी त्याला सकाळी यायला मनाई केली. संध्याकाळी ऑफिसला दोन तास बसायची परवानगी ठेवली. या एका माणसाच्या शब्दाने जे झालं ते माझ्या किंवा वडिलांच्या दहा व्याख्यानांनी झालं नसतं.

त्याच्या डोक्यात एक साधं गणित होतं. वकील व्हायचं ठरलंय, प्रवेश झालाय, तर आता अर्थशास्त्राचे तास कशाला? हा विचार मूर्खपणाचा नाही. त्यात एकच गोष्ट राहून गेली होती, ती पुढे येते.

वडिलांची भीती आणि न वाचलेलं पत्र

वडील भेटायला आले ते रात्रपाळी करून. पहिलं वाक्य: "सीट जाईल का मॅडम?" त्यांच्या मेव्हण्याचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने फोनवर सांगितलं होतं की तिकडे शेवटच्या वर्षी मार्क घसरले तर लॉ स्कूल प्रवेश मागे घेऊ शकतं. पतसंस्थेतून कर्ज काढून शुल्काचा पहिला हप्ता भरलेला. रात्रभर त्यांच्या डोक्यात तेच घोळत होतं.

भाच्याने सांगितलं ते त्याच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत कायद्याची जे.डी. ही पदवी चार वर्षांच्या पदवीनंतर करतात. अर्ज एलसॅक या संस्थेमार्फत जातो आणि बहुतेकांना प्रवेश मिळतो तेव्हा शेवटचं वर्ष चालूच असतं. म्हणून पदवी पूर्ण झाल्याची नोंद असलेली अंतिम गुणपत्रिका नंतर पाठवावी लागते. ती पाहून प्रश्न विचारण्याचा, प्रसंगी प्रवेश रद्द करण्याचा हक्क तिथली विद्यापीठं राखून ठेवतात. त्यात संस्थेच्या मर्जीला, समजुतीला बरीच जागा असते. आपल्याकडची चौकट वेगळी आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के. हा झाला तळ. त्यावर प्रत्येक संस्था आपली अट घालू शकते. म्हणजे इथे सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की आपल्या पत्रात काय लिहिलंय.

पत्र मुलाच्या मोबाइलमध्ये होतं. चार पानांचं. अभिनंदनाचं पहिलं पान घरच्या ग्रुपवर सगळ्यांना गेलं होतं. उरलेली तीन पानं कोणीच वाचली नव्हती. ती आम्ही तिघांनी विभागात बसून मोठ्याने वाचली. त्यात चार गोष्टी होत्या. पदवीला एकूण किमान ५० टक्के. शुल्कात दिलेली २५ टक्के सवलत टिकवायची असेल तर एकूण ६५ टक्के. पदवी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका ३० सप्टेंबरपर्यंत. आणि शैक्षणिक स्थितीत काही फरक पडला तर विद्यार्थ्याने तो स्वतःहून कळवायचा.

मग मी फळ्यावर बेरीज केली. सहा सत्रांचे एकूण गुण ३६००. त्यांचे ४५ टक्के म्हणजे १६२०. या मुलाने पहिल्या चार सत्रांतच १६९८ मिळवले होते. परिषदेचा तळ त्याने दुसऱ्या वर्षाच्या शेवटीच ओलांडला होता. ५० टक्के म्हणजे १८००. पाचवं सत्र धरून त्याचे २०१६ झाले होते, तेही मागे पडलं. त्यामुळे टक्क्यांवरून सीट जाण्याचा प्रश्नच नव्हता. वडील फळ्याकडे बघत राहिले. "म्हणजे पन्नासच्या खाली तो जाऊच शकत नाही?" नाही, सगळे विषय सुटले तर नाही.

६५ टक्क्यांची रेघ मात्र खरी होती. २३४० गुण हवेत, आहेत २०१६. म्हणजे ३२४ कमी. सहाव्या सत्रात ६०० पैकी ३२४, ५४ टक्के. अर्थमितीचा पेपर पुन्हा देऊन त्यात जेवढे गुण वाढतील तेवढा हा आकडा खाली येणार. मुलाच्या आधीच्या कामगिरीकडे पाहता हे अवघड नव्हतं, पण आपोआप होण्यासारखंही नव्हतं. शुल्कसवलतीचा विषय निघाल्यावर मुलगा पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला. कर्जाची रक्कम त्याला नक्की माहीत होती.

बॅक

आता राहून गेलेली गोष्ट. वरचं सगळं गणित "सगळे विषय सुटले तर" या चार शब्दांवर उभं आहे. एक विषय राहिला तर टक्के काढायला एकूणच उरत नाही, कारण पदवीच हातात येत नाही. ६६ टक्के मिळूनही एक बॅक, म्हणजे नापास राहिलेला विषय, असलेला मुलगा आणि ४० टक्क्यांवर नापास झालेला मुलगा, दोघंही ३० सप्टेंबरला प्रमाणपत्राविना एकाच रांगेत उभे राहतात.

आणि तो विषय सुटण्याची वाट एका फॉर्ममधून जात होती. पाचव्या सत्राच्या बॅकची परीक्षा एप्रिलमध्ये, सहाव्या सत्राच्या परीक्षेबरोबर. तिचा वेगळा फॉर्म, वेगळं शुल्क, शेवटची तारीख फेब्रुवारीअखेर, त्यानंतर काही दिवस विलंब शुल्कासह. त्याने तो भरला नव्हता. तो चुकला तर पुढची संधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ३० सप्टेंबर उलटून गेल्यावर. वर्ष गेलं असतं, शुल्काचा हप्ता अडकला असता, आणि तेही एका न भरलेल्या फॉर्मपायी.

का भरला नाही, हे त्याने वडिलांसमोर सांगितलं नाही. ते गेल्यावर सांगितलं. फॉर्मचे पैसे घरी मागायचे तर बॅक सांगावा लागला असता. घरी त्याने फक्त "मार्क कमी पडलेत" एवढंच सांगितलं होतं. नापास हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. बहिणीची दहावी, कर्ज, आईने गल्लीभर वाटलेले पेढे, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. एप्रिलमध्ये काहीतरी करू, असं म्हणत तो दिवस ढकलत राहिला.

माझ्या अनुभवात शेवटच्या वर्षातले मोठे अपघात अभ्यासाने कमी आणि अशा लाजेने जास्त होतात. अभ्यास न झालेला मुलगा पेपरात काहीतरी लिहून येतो. लाजलेला मुलगा परीक्षा विभागाच्या खिडकीपर्यंतच जात नाही. पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: निकालाच्या दिवशी "किती टक्के?" विचारण्याआधी "सगळे सुटले का?" हे विचारा, आणि उत्तर नाही आलं तर त्या क्षणी आवाज चढवू नका. तुमच्या रागाला पुढे भरपूर वेळ आहे. फॉर्मच्या तारखेला तो नाही.

त्याच दुपारी तो फोनवर वडिलांशी बोलला. मी केबिनच्या बाहेर थांबले. वडील दुसऱ्या दिवशी स्वतः परीक्षा विभागात आले, विलंब शुल्क लागायच्या आत फॉर्म भरला आणि पावतीचा फोटो काढून ठेवला. मुलाला काय बोलले ते मला माहीत नाही, पण तो त्या दिवसापासून पहिल्या तासाला वर्गात दिसायला लागला.

हजेरी आणि एक नको असलेलं सर्टिफिकेट

हजेरीचा प्रश्न गणिताने सुटणारा नव्हता. सत्रात एकूण २४० तास, त्यांतली किमान हजेरी ७५ टक्के म्हणजे १८०. ५० झाले होते, उरलेले सगळे १२० केले तरी १७०. जवळपास ७१ टक्के. कितीही ओढलं तरी दहा तास कमीच.

वडिलांनी सुचवलं, ओळखीचे डॉक्टर आहेत, कावीळ झाली होती असं सर्टिफिकेट देतील. त्यांनी हे वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. हजेरीसाठी मेडिकल जोडायचं हे सगळीकडे सर्रास चालतं आणि त्यांना ती एक पद्धतच वाटत होती. मी ठाम नाही म्हटलं. जो मुलगा उद्या कोर्टात प्रतिज्ञापत्रं दाखल करणार, ज्याच्या सहीवर अशील आणि न्यायाधीश विश्वास ठेवणार, त्याचा पहिला कागद खोटा असू नये. शिवाय खरं कारण लाजिरवाणं नव्हतंच. मुलाने अर्ज लिहिला: जानेवारीपासून अमुक वकिलांच्या कार्यालयात शिकाऊ म्हणून जात होतो, कॉलेजला कळवलं नाही, ही चूक झाली, यापुढे सर्व तासांना हजर राहीन. वकीलसाहेबांनी आपल्या लेटरहेडवर कामाच्या तारखा लिहून दिल्या. आमच्या नियमांत ठरावीक मर्यादेपर्यंतची कमतरता माफ करण्याचा अधिकार प्राचार्यांना आहे. अतिरिक्त स्वाध्याय देऊन ती माफ झाली. हुकलेल्या चाचण्यांपैकी एका विषयाच्या शिक्षकांनी पुन्हा संधी दिली, दुसऱ्यांनी नाही दिली. त्यांचंही बरोबर होतं.

विधी विद्यापीठाला कळवायचं की नाही, यावर घरात वाद झाला. मामांचं म्हणणं, कशाला स्वतःहून सांगायचं, पास झाला की आपोआप मिटेल. पण पत्रातली अट स्पष्ट होती. मुलाने पाच ओळींचा ईमेल लिहिला: पाचव्या सत्रात एका विषयात अनुत्तीर्ण, एप्रिलच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे, निकाल जूनमध्ये अपेक्षित, मुदतीत कागदपत्रं देईन. स्पष्टीकरणं नाहीत, विनवणी नाही. आठवड्याभरात उत्तर आलं की तात्पुरता प्रवेश कायम आहे आणि ३० सप्टेंबरची मुदत लागू राहील. त्या उत्तराची प्रिंट वडिलांनी कर्जाच्या कागदांबरोबर फाइलला लावली.

राज्याच्या सीईटीचा अर्जही आम्ही भरून ठेवायला लावला. पुण्यात आयएलएससारखं १९२४ सालचं विधी महाविद्यालय आहे, तिथला मार्ग या सीईटीतूनच जातो. पण तिथेही प्रवेशाच्या वेळी पदवीचा निकाल लागतोच. बॅक सुटण्याला पर्याय कुठेच नव्हता.

अर्थमिती, वकिलाच्या टेबलावरून

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग हा. प्रोजेक्टचा विषय द्यायचा राहिला होता. त्याला विचारलं, कोर्टात रोज काय बघतोस? त्याने अपघाताच्या दाव्यात भरपाई कशी काढतात ते सांगायला सुरुवात केली आणि दहा मिनिटं थांबला नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली दावा येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात वयानुसार गुणांक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा) ठरवून दिले आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भविष्यातल्या उत्पन्नवाढीची टक्केवारी निश्चित केली. समजा ३२ वर्षांचा स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस गेला. महिना २०,००० कमावत होता, मागे बायको, दोन मुलं आणि आई. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी म्हणून उत्पन्नात ४० टक्के भर, झाले २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. चार अवलंबित, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले २,५२,०००. वय ३१ ते ३५ साठी गुणांक १६. भरपाई ४०,३२,०००, त्यावर अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा.

मी विचारलं, हा १६ कुठून आला? तो गप्प. मग आम्ही तो अर्थशास्त्राच्या बाजूने सोडवला. दरवर्षी येणारी ठरावीक रक्कम आज एकदम द्यायची तर तिचं आजचं मूल्य काढावं लागतं. हा माणूस ६२ पर्यंत कमावता राहिला असता असं धरलं तर उरली ३० वर्षं. ३० वर्षांच्या रकमेला १६ ने गुणायचं म्हणजे व्याजदर साडेचार ते पावणेपाच टक्क्यांच्या मध्ये येतो. हेच ४७ वर्षांच्या माणसासाठी केलं, गुणांक १३ आणि उरलेली १५ वर्षं, तर दर दोन टक्क्यांच्याही किंचित खाली जातो. दर जितका जास्त, तितकी आज हातात येणारी रक्कम कमी. "मॅडम, मग तरुण माणसाच्या घरच्यांवर अन्याय होतोय का?" हा प्रश्न त्याने मला विचारला, मी त्याला विचारला नव्हता. गुणांकात फक्त व्याजदर नसतो, पुढच्या आयुष्यातली अनिश्चितताही धरलेली असते, आणि तरुण माणसापुढे ती जास्त वर्षांची असते, हे मी सांगितलं. प्रश्न तरीही चांगलाच होता आणि प्रोजेक्टचं एक प्रकरण त्यावर उभं राहिलं.

पुढचं काम रिग्रेशनचं, म्हणजे एका आकड्यावर बाकीच्यांचा किती परिणाम होतो ते मोजण्याचं. ज्या विषयात २९ पडले तोच. ऑनलाइन उपलब्ध असलेल्या निकालपत्रांतून त्याने वय, उत्पन्न, अवलंबितांची संख्या आणि मिळालेली भरपाई यांचा तक्ता केला आणि सरळ रेषा बसवली. ती नीट बसेना. मोठ्या रकमांच्या ठिकाणी बिंदू फार पसरत होते. दोन दिवस तो त्यावर चिडलेला होता. मग त्याच्याच लक्षात आलं की भरपाई बेरजेने ठरत नाही, उत्पन्न, वाढ, वजावट आणि गुणांक यांच्या गुणाकाराने ठरते. गुणाकाराला बेरजेत आणायचं तर लॉग घ्यायला हवा. लॉग घेतल्यावर बिंदू रेषेजवळ आले. चलांचं रूपांतर का करायचं, त्रुटींचा पसारा सारखा का असायला हवा, हे मी वर्गात तीन आठवडे शिकवते. या मुलाला ते त्या संध्याकाळी कळलं, कारण तक्त्यातल्या प्रत्येक ओळीमागे एक घर होतं आणि त्यांतली दोन-तीन त्याने कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिली होती.

कायद्याकडे जाणाऱ्या मुलाला पदवीचं शेवटचं वर्ष फुकट वाटतं ते याच कारणाने. दोन्हींमधला दुवा कोणी दाखवलेला नसतो. तो दाखवणं शिक्षकाचं काम आहे. इतिहासाच्या मुलाला जमिनीच्या नोंदी, मानसशास्त्राच्या मुलाला साक्षीदाराची स्मरणशक्ती, वाणिज्यच्या मुलाला दिवाळखोरीचे हिशेब, असा दुवा जवळजवळ प्रत्येक विषयात आहे.

निकाल

जूनमध्ये निकाल लागला. अर्थमितीत २९ चे ४७ झाले. पेपर लिहायला तो घाबरला होता आणि वेळ पुरला नाही, त्यामुळे त्याच्या तयारीच्या मानाने हे कमीच होते. सहाव्या सत्रात ६०० पैकी ३४२, म्हणजे ५७ टक्के. हुकलेल्या चाचणीचे गुण गेले ते गेलेच. प्रोजेक्टमध्ये वर्गातले सर्वाधिक गुण त्याला मिळाले. एकूण २३७६, बरोबर ६६ टक्के. सवलतीची ६५ ची रेघ ३६ गुणांनी पार झाली. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात विधी विद्यापीठाला पोहोचलं आणि प्रवेश पक्का झाला.

काही गोष्टी तशाच राहिल्या. पाचव्या सत्राच्या गुणपत्रिकेवर पहिल्या प्रयत्नातलं अनुत्तीर्ण कायमचं आहे. पुढे एलएल.एम.साठी परदेशी अर्ज केला तर सगळ्या पदव्यांच्या गुणपत्रिका मागतात आणि त्याला तेव्हा हे समजावून सांगावं लागेल. त्याने ते मान्य केलं आहे. आईला तो नापास झाला होता हे अजून पूर्ण पचलेलं नाही. बहिणीच्या निकालाच्या दिवशी तिने सगळ्यात आधी "सगळे विषय सुटले ना?" असं विचारलं, हे त्यानेच मला सांगितलं.

आमच्या विभागाने या वर्षापासून दोन बदल केले आहेत. तृतीय वर्षाच्या ज्या मुलांना पुढचा प्रवेश आधीच मिळाला आहे, त्यांची पत्रं मेंटॉरने शेवटच्या पानापर्यंत त्यांच्याबरोबर बसून वाचायची आणि अटी एका कागदावर लिहून घ्यायच्या. पाचव्या सत्राचा निकाल लागला की बॅक असलेल्या प्रत्येकाने फॉर्म भरला का, हे परीक्षा विभागाच्या यादीवरून मुदतीच्या आत तपासायचं, आणि नसेल भरला तर कारण एकट्याला बोलावून विचारायचं, वर्गात नाही. फॉर्मच्या शुल्कासाठी घरी सांगता येत नसेल तर विद्यार्थी सहाय्य निधीतून ते भरण्याची तरतूद आहे. ही तरतूद आधीपासून होती, पण ती मुलांना माहीत नव्हती. आता ती निकालाच्या नोटिशीखालीच छापली जाते.